गोडसे भटजी ते बेबीताई: सध्या वाचनात असलेली आत्मचरित्रं आणि त्यांच्या घेण्याजोग्या आवृत्त्या

सध्या टेबलावर सहा पुस्तकं आहेत आणि सहाही आत्मचरित्रपर. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’, रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, धर्मानंद कोसंबी यांचं ‘निवेदन’, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, आनंदीबाई कर्वे यांचं ‘माझे पुराण’ आणि बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. सहाही शिफारस करण्याजोगी आहेत. पण नुसतं ‘वाचा’ म्हणून भागत नाही. ही पुस्तकं हौसेने विकत घेऊन चाळीसाव्या पानावर सोडून देणारे वाचक पुष्कळ भेटतात. भाषा जुनी, संदर्भ कळत नाहीत, अशी तक्रार असते. ती पुस्तकं हातात घेऊन पाहिली की बहुतेक वेळा दोष लेखकाचा नसतोच, आवृत्तीचा असतो. म्हणून इथे पुस्तकांइतकंच आवृत्त्यांबद्दल लिहितो आहे.

आधी कायद्याची बाजू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, पुढच्या १ जानेवारीपासून, मजकूर सर्वांसाठी खुला होतो. रमाबाई १९२४ साली गेल्या, लक्ष्मीबाई १९३६ साली, कोसंबी १९४७ साली, आनंदीबाई १९५० साली. म्हणजे बेबीताई सोडून बाकी पाचही पुस्तकं आज कुणालाही छापता येतात, आणि छापली जातातही. मूळ मजकूर खुला असला तरी नंतरच्या संपादकाच्या टिपा आणि प्रस्तावना खुल्या नसतात. त्यामुळे स्वस्तात काढलेल्या पुनर्मुद्रणात नेमक्या टिपा नसतात, आणि दीडशे वर्षांपूर्वीचं पुस्तक टिपांशिवाय वाचायचं म्हणजे अनोळखी घरात अंधारात वावरण्यासारखं आहे.

दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर आधी श्रेयनामावलीचं पान उघडावं. पहिल्या आवृत्तीचं साल, ही प्रत कोणत्या आवृत्तीवरून छापली तिचं साल आणि संपादकाचं नाव, तिन्ही तिथे सापडायला हवं. नुसतं ‘आवृत्ती पहिली’ आणि चालू साल असेल तर मजकूर कुठून उचलला हे कळायला मार्ग नाही. असं पुस्तक न घेता परत ठेवून द्यावं. मग ‘संक्षिप्त’ हा शब्द शोधावा. तो मुखपृष्ठावर सहसा नसतो, आत बारीक अक्षरात असतो. त्यानंतर फर्मे, म्हणजे एकत्र घडी घालून बांधलेले पानांचे गठ्ठे, तपासावेत. पुस्तकं बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात. एखादा फर्मा गळला किंवा दोनदा लागला तर १६, ३२, ४८, ६४ अशा आकड्यांच्या आसपासच सापडतो. (प्रस्तावनेची पानं वेगळ्या क्रमांकाची असली तर हे आकडे थोडे सरकतात.) एवढी पानं उलटायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि घरी गेल्यावर पान १२८ नंतर १४५ पाहून हळहळायची वेळ येत नाही.

आता ‘माझा प्रवास’. या सहांत सर्वांत वेगवान, आणि सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने वाचलं जाणारं पुस्तक. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट घरावरचं कर्ज फिटावं म्हणून काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार, अशी वार्ता होती. महूच्या आसपास पोचतात तोच बंड पेटतं. पुढे ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, काशी असं सगळं फिरून, मिळवलेलं लुटीत घालवून, गंगेची कावड घेऊन ते घरी परततात. १८८३ साली चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे लिहून काढलं. छापलं गेलं मात्र १९०७ साली.

इथे आवृत्तीचा प्रश्न कळीचा आहे. १९०७ ची आवृत्ती वैद्यांनी संपादित केलेली. त्यांनी भाषा सारखी केली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी स्वतःचे शब्द घातले. राजवटीची भीती आणि त्या काळचं संपादनाचं वळण लक्षात घेतलं तर ते समजण्यासारखं आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात ठेवलेल्या मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला. बाजारात आज दोन्ही पाठांवरून निघालेल्या प्रती मिळतात आणि मुखपृष्ठावरून फरक कळत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे कुठलंही एक पान मोठ्याने वाचून पाहावं. वाक्यं नीटस, आटोपशीर, शाळेच्या पुस्तकासारखी वाटली तर तो वैद्यांचा पाठ. वाक्य संपता संपत नसेल, मध्येच कोकणातल्या भिक्षुकी घरातली बोली डोकावत असेल, तर मूळ पाठ. पहिल्यांदा वाचणाऱ्याने वैद्यांचा पाठ घेतला तरी हरकत नाही. वाचून होतो आणि गोष्ट कळते. पण झाशीची प्रकरणं मूळ पाठातच वाचावीत.

कारण त्या प्रकरणांत हा भिक्षुक जे टिपतो ते दुसऱ्या कुणा मराठी माणसाने असं टिपलेलं नाही. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा विष्णुभट गावात होते, आणि ३ एप्रिल १८५८ रोजी फौज आत शिरली तेव्हाही. कत्तल, मग लूट, मग लुटीतही क्रम. आधी सोनंनाणं, नंतर भांडी, कपडे, धान्य असं घर कसं थराथराने रिकामं होत जातं ते हा माणूस हिशेब मांडावा तसं लिहितो. ग्रंथालयाची नासधूस झाली त्या ठिकाणी मात्र हिशेबी सूर सुटतो. शास्त्री घराण्यातल्या माणसाला पोथ्या मातीत गेलेल्या पाहवत नाहीत. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी पठाणी वेशातली झाशीची राणी भेटते आणि ओंजळीने पाणी पिते. तो प्रसंग जेमतेम पान-दीड पानाचा आहे, पण सबंध पुस्तक त्यासाठी विकत घ्यावं असा.

वाचताना चुकतं कुठे? पहिली चूक म्हणजे सुरुवातीची कर्जाची आणि दक्षिणेची पानं गाळणं. कर्ज किती, दक्षिणा कुठे किती मिळाली, बरोबर किती शिल्लक आहे, हा हिशेब डोक्यात असला तरच पुढच्या प्रत्येक लुटीचा अर्थ लागतो. दुसरी चूक तारखांची. गोडसे तिथी आणि शके सांगतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो; पण इसवी वर्ष बदलल्यावर, म्हणजे जानेवारीपासून पाडव्यापर्यंत, ७९ मिळवावे लागतात. १८५८ चा गुढीपाडवा मार्चच्या मध्यावर आला. म्हणजे वेढ्याच्या तोंडावरच शके १७७९ संपून १७८० लागलं. इथे गणित चुकलं तर अख्खं वर्ष सरकतं. शिवाय आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. ३ एप्रिल १८५८ हा आपल्याकडे चैत्र वद्यातला दिवस, झाशीच्या पंचांगात मात्र वैशाख वदी. हिंदी पुस्तकांशी ताडून पाहणाऱ्यांना इथे एका महिन्याचा घोळ दिसतो. तो खरा घोळ नाही.

तिसरी गोष्ट जरा गंभीर आहे. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करावं. घटनांनंतर पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेलं हे पुस्तक आहे. बंडाची कारणं, राजेरजवाड्यांच्या सभा, इंग्रजांनी पुढे ठेवलेली ८४ कलमं, हे सगळं वाटेवर कानावर आलेलं. त्या काळी लोक काय बोलत होते याचा पुरावा म्हणून ते मोलाचं आहे. प्रत्यक्षात काय घडलं याचा पुरावा म्हणून नाही. समासात पेन्सिलीने ‘प’ आणि ‘ऐ’ अशा खुणा करत वाचलं तर पुस्तकाची किंमत वाढते. सोबत मुक्कामांची यादी एका कागदावर लिहून पानांत ठेवावी. चांगल्या आवृत्तीत नकाशा असतो; नसेल तर ही यादीच नकाशाचं काम करते.

‘माझा प्रवास’नंतर लगेच ‘स्मृतिचित्रे’ घ्यावं, आणि त्याला नेमकं कारण आहे. लक्ष्मीबाईंच्या कहाणीची सुरुवातही सत्तावनच्या सावलीत होते. त्यांच्या आजोबांना त्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, इतकं की मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. गोडसे ज्या आचारधर्माचं ओझं वाहत झाशीहून जिवंत परततात, तोच आचार पुढच्या पिढीतल्या एका मुलीच्या घरात कसा जाच होतो हे लागोपाठ वाचल्यावर जास्त लागतं.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालं. पूर्ण आवृत्ती जाडजूड आहे, आणि संक्षिप्तही मिळते. संक्षिप्त घेऊ नका, आणि त्याचं कारण तपशिलाने सांगतो. या पुस्तकाला लोक विनोदी प्रसंगांसाठी ओळखतात. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांचा विसरभोळा उदारपणा, घरात दाणा नसताना आलेले पाहुणे, असे प्रसंग पाठ्यपुस्तकांतही येतात. संक्षेप करताना असे सुटे, खुसखुशीत प्रसंग राहतात आणि त्यांच्यामधली संथ पानं जातात. पण लक्ष्मीबाई बदलतात त्या नेमक्या या संथ पानांत. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या, काही वर्षांनी नवऱ्याकडे आल्या, पण वेगळी चूल, वेगळं पाणी ठेवून. मग कुणाच्या हातचं पाणी चालेल, कुणाच्या हातचं जेवण चालेल, असं एकेक पाऊल टाकत राहुरीला असताना त्या या निष्कर्षाला येतात की जाती देवाने केलेल्या नाहीत. बाप्तिस्मा १९०० सालचा, त्याआधीची ही मनातली वाटचाल. यातली एक पायरी गाळली तर तो बदल अचानक झाल्यासारखा वाटतो, आणि मग वाचक म्हणतो की नवऱ्यामागून बायको गेली. पूर्ण पुस्तक वाचणारा असं म्हणणार नाही.

अशोक देवदत्त टिळकांनी, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या नातवाने, संपादित केलेली टिपांची आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी. पुस्तकात माणसं अफाट आहेत आणि लक्ष्मीबाई त्यांना घरातल्या नावांनी हाक मारतात. नाना, भिकुताई, दत्तू, ठोंबरे ही मंडळी कोण, हे टिपा सांगतात. (दत्तू म्हणजे देवदत्त, आणि ठोंबरे म्हणजे बालकवी, मुलासारखे त्या घरात वावरलेले.) टिपांची आवृत्ती नाहीच मिळाली तर शेवटच्या कोऱ्या पानावर नात्यांची यादी करत जावी. पहिल्या भागात ती केली की पुढे अडत नाही.

वाचण्याचा वेग? एका बैठकीत दोन-तीन प्रकरणं पुरेत. प्रकरणं छोटी आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा शेवट आहे, त्यामुळे सलग शंभर पानं वाचली तर चव बोथट होते. मोठ्याने वाचायला यापेक्षा चांगलं मराठी गद्य मिळणं कठीण. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना वाचून दाखवावं. वाक्यं तोंडी सांगितल्यासारखीच आहेत. अहमदनगरच्या प्लेगच्या छावणीतली प्रकरणं मात्र एकट्याने वाचावीत. चौथा भाग थोडा विस्कळीत वाटतो, कारण लेखिकेचं आयुष्य संपत आलं होतं आणि पुस्तक पुरतं हातावेगळं झालं नाही. तिथे पुस्तकाला नावं ठेवू नयेत.

रमाबाईंच्या ‘आठवणी’ १९१० सालच्या. या पुस्तकाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते घेताना फारसा धोका नाही. पाठाचे वाद नाहीत. अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. हे आत्मचरित्र म्हणून विकलं जातं, पण त्यात प्रकाश माधवराव रानड्यांवर आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं करणारी बाई यात जवळजवळ दिसतच नाही. १९०१ साली रानडे गेले आणि पुस्तक तिथेच थांबतं. तरी दोन गोष्टींसाठी वाचावंच. शिकणाऱ्या सुनेला घरातल्या बायकांनी दिलेला त्रास रमाबाई आवाज न चढवता सांगतात, त्याने तो जास्त बोचतो. आणि रानड्यांची शिकण्याची भूक. कलकत्त्याला असताना हजामत करून घेता घेता न्हाव्याला बंगाली अक्षरं विचारणारा न्यायाधीश दुसऱ्या कुठल्या पुस्तकात भेटणार नाही. जुन्या प्रतीत ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘त्यांनीं’ असे अनुस्वार असतील तर बिचकू नये. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते गेले. दहा-बारा पानांत डोळ्यांना सवय होते.

‘माझे पुराण’ सर्वांत लहान. देवरुखची बालविधवा गोदू, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाली. मुरुडच्या लोकांनी कर्व्यांच्या घरच्यांवर बहिष्कार घातला. पुस्तक १९४४ साली सून कावेरी कर्वे यांच्या संपादनातून आलं. यात अलंकार शून्य. पैशांची चणचण, मुलांची आजारपणं, समाजकार्यात बुडालेल्या नवऱ्याच्या संसाराचं ओझं, सगळं सरळ सांगितलेलं. दोन संध्याकाळी पुरतात. रमाबाईंच्या पुस्तकाला जोडूनच वाचावं. थोर नवऱ्याकडे पाहण्याच्या दोन बायकांच्या दोन तऱ्हा समोरासमोर येतात, आणि माझं मत विचाराल तर आनंदीबाई जास्त निर्भीड आहेत.

‘निवेदन’ हे गोव्याचं पुस्तक, आणि महाराष्ट्रात त्याची जितकी चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून निघाले, मागे पत्नी आणि तान्ही मुलगी. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असं भटकत पाली शिकले, आणि पुढे हार्वर्डपर्यंत गेले. लेखमाला आधी गोव्याच्या ‘भारत’ पत्रात आली, पुस्तक १९२४ साली. बुद्धाबद्दलचं तत्त्वज्ञान वाचायला म्हणून हे उघडणारे निराश होतात, कारण यात तत्त्वज्ञान थोडं आणि भाकरीची चिंता जास्त आहे. कुठे जेवण मिळालं, कुठे हाकललं, संस्कृत कुणाकडे शिकलो, अंगावर किती कपडे होते, असा हा ऐवज. विद्येसाठी लागणारी किंमत इतकी खुलेपणाने मांडणारं दुसरं मराठी पुस्तक मला माहीत नाही. सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये दिले, महाराष्ट्रात राहून काम करावं या अटीवर. त्या आकड्यापर्यंत पोचेस्तोवर वाचकाला पन्नास रुपये म्हणजे काय हे पुरतं कळलेलं असतं. नेपाळ आणि सिंहलद्वीपाची प्रकरणं संपेपर्यंत पुस्तक सोडू नये. सुरुवातीची घरगुती पानं थोडी जड जातात.

आता फुकट मिळणाऱ्या ई-प्रतींबद्दल. खुली झालेली जुनी पुस्तकं स्कॅन करून महाजालावर ठेवलेली असतात. संदर्भ शोधायला त्या उत्तम. सलग वाचायला सहा इंची वाचनयंत्रावर त्रास होतो: जुन्या पानाचा फोटो लहान पडद्यावर बसवला की मात्रा आणि अनुस्वार पुसट होतात. दहा इंची टॅब असेल तर समास कापून, यंत्र आडवं धरून, अर्धं-अर्धं पान वाचावं. स्कॅनवरून यंत्राने ओळखून काढलेला मजकूर असेल तर जास्तच सावध राहावं. तिथे १ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल होते, म्हणजे गोडश्यांचे शके आणि रक्कम दोन्ही संशयास्पद. आणि ‘ऱ्य’ या जोडाक्षराचा ‘र्य’ होतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की सातपुड्यात समुद्र येतो. असा मजकूर दिसला की मूळ पानाचं चित्र उघडून ताडून पाहणं हाच उपाय.

विकत घ्यायचं नसेल तर जुनी ग्रंथालयं आहेतच. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. ग्रंथपालाकडे मागताना पुस्तकाचं नाव सांगून थांबू नये. संपादक आणि साल सांगावं. ‘पोतदारांची प्रत’ म्हटल्यावर काय शोधायचं ते त्यांना लगेच कळतं. जुन्या प्रती पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास शोधाव्यात. तिथे घेताना बांधणी बघावी: दोऱ्याने शिवलेली प्रत पन्नास वर्षांची असली तरी टिकते. नुसत्या डिंकाने चिकटवलेली जाड प्रत मधोमध उघडली की तडकते, आणि ‘स्मृतिचित्रे’सारख्या जाड पुस्तकाची तर पहिल्याच वाचनात दोन शकलं होतात.

‘जिणं आमुचं’ शेवटी ठेवलं आहे, वाचायलाही शेवटीच ठेवावं. बेबीताई कांबळे फलटणच्या. किराणा दुकान चालवताना, माल बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचत त्यांचं वाचन वाढलं, आणि लिहिलेलं त्यांनी वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. आधीच्या पाच पुस्तकांत सोवळं-ओवळं आहे, पाणी आहे, कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या नाही हे आहे. पण सगळं उंबरठ्याच्या आतून दिसलेलं. इथे तेच पाणी महारवाड्यातून दिसतं. आषाढातले सण, अंगात येणं, उपासमार आणि बायकांवरचे घरातलेच अत्याचार बेबीताई आपल्या माणसांनाही पाठीशी न घालता लिहितात. नाक कापलेल्या सुनांची पानं वाचताना थांबावं लागतं. मग बाबासाहेबांच्या भाषणांनी पेटलेला महारवाडा येतो आणि पुस्तकाचा श्वास बदलतो.

बोलीमुळे अडायला होतं हे खरं. कोशात शोधत बसू नये. वाक्य एकदा मोठ्याने म्हटलं की अर्थ लागतो, आणि नाहीच लागला तर दोन वाक्यं पुढे गेल्यावर उलगडतो. हे पुस्तक खुलं झालेलं नाही, त्यामुळे झेरॉक्स किंवा इकडून तिकडे फिरणारी फाइल घेऊ नये, विकत घ्यावं. दुकानात नसेल तर मागणी नोंदवावी. मागणी आली की पुढची आवृत्ती निघते, आणि ही सहा पुस्तकं छापील यादीतून गळू नयेत याची काळजी वाचकांनाच घ्यावी लागते.